लसीसाठी मेसेज पाठवावा की डाळ द्यावी, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही एका आदिवासी तालुक्यात आरोग्य अधिकारी आहात. जन्माच्या वेळची बीसीजी (क्षयरोगावरची लस) जवळजवळ प्रत्येक बाळाला मिळते, पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोसही बऱ्यापैकी होतो, पण नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलापर्यंत येता येता यादी गळत जाते. एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशातून) थोडा निधी मिळणार आहे. कुणी म्हणतं मोबाईलवर आठवणीचे मेसेज पाठवा, कुणी म्हणतं डोसामागे डाळीसारखी काहीतरी भेट द्या, आणि वरिष्ठांना 'नज' (सक्ती न करता योग्य दिशेने दिलेला हलका धक्का) म्हणून काहीतरी करून हवं आहे. यातलं काय करावं, आणि उपयोग झाला की नाही हे कसं ओळखावं, हे तुम्हाला हवं आहे.

डॉक्टर, मेसेज की भेट हा प्रश्न मी जरा मागे ठेवते. तुमची बाळं वाटेत नेमकी कुठे थांबतात, हे आधी कळायला हवं. आरोग्य आणि बचत या दोन विषयांतले असे कार्यक्रम आखणं आणि तपासणं हेच माझं काम आहे, आणि बहुतेक बैठकांत मी हेच पाहते की उपाय ठरलेला असतो, अडचण नंतर शोधली जाते. वर्तनवादी अर्थशास्त्राचा खरा उपयोग माणसाला जे करायचं असतं ते त्याच्या हातून का होत नाही, हे बारकाईने शोधायला होतो. ते कळलं नाही तर मेसेजही वाया आणि डाळही वाया.

तुमच्या आकड्यांतच एक धागा आहे. बीसीजीला मी फार महत्त्व देत नाही. ती प्रसूतीच्या दवाखान्यातच टोचली जाते, आईला वेगळं काही ठरवावं लागत नाही. पण पेंटाच्या पहिल्या डोसाला ती दीड महिन्याचं बाळ घेऊन स्वतः चालत येते. म्हणजे लसीला तिचा विरोध नाही. असता तर गळती तिथेच दिसली असती. म्हणून 'लोकांना महत्त्व पटत नाही, जनजागृती वाढवा' हे निदान तुमच्या तालुक्याला लागू पडेल असं मला वाटत नाही, आणि भित्तिपत्रकांवरचा खर्च तुमच्या जागी मी थांबवला असता.

मग थांबतं कुठे? हे ऑफिसात बसून कळत नाही. दोन-तीन उपकेंद्रांच्या ड्यू लिस्ट (लस द्यायची राहिलेल्या बाळांच्या याद्या) घ्या, त्यातली गोवर-रुबेला राहिलेली तीस-चाळीस नावं चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि कुणालातरी घरी पाठवा. ती व्यक्ती तिथली आशाताई किंवा नर्स नको, कारण त्यांच्यासमोर आई खरं सांगणार नाही. 'लस का दिली नाही?' असं विचारलं की 'विसरले' किंवा 'येणारच होते' एवढंच ऐकू येतं, कारण प्रश्नातच दोष आहे. त्याऐवजी कार्ड बघायला मागा आणि विचारा, 'मागच्या वेळी लसीच्या दिवशी तुम्ही काय करत होता?' मग गोष्ट सांगितली जाते.

अशा गोष्टी मी खूप ऐकल्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, कार्ड तिथल्या उपकेंद्राचं, त्यामुळे सासरच्या गावातल्या यादीत बाळाचं नावच नाही. पेंटानंतर दोन रात्री बाळ तापाने फणफणलं, सासू म्हणाली आता पुरे. कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलं, लसीकरण सत्राच्या बुधवारी घराला कुलूप. आणि एक गोष्ट अशी, जी कुठल्याच अहवालात येत नाही. आई पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढते, निळ्या पेनाने लिहिलेली तारीख दाखवते आणि म्हणते, 'गेले होते की मी. ताई म्हणाल्या, आज एकच बाळ आलंय, बाटली फोडता येत नाही, पुढच्या वेळी या.'

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा थांबते, कारण तुमची गळती नेमकी याच लसीपाशी आहे. तुम्हाला हे माहीत आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. गोवर-रुबेलाच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे लसीच्या बाटलीत, अनेक बाळांचे डोस असतात. पावडरमध्ये द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. पेंटाची उघडलेली व्हायल पुढच्या सत्राला चालू शकते, ही चालत नाही. एक बाळ आलं तरी व्हायल फोडा, अशीच सूचना आहे. पण नर्सच्या बाजूने बघा. वाया गेलेले डोस नोंदवहीत दिसतात आणि मासिक बैठकीत त्यावर प्रश्न येतो. परत पाठवलेलं बाळ कुठेच लिहिलं जात नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट आता सर्वमान्य आहे: तेवढ्याच फायद्यापेक्षा तेवढंच नुकसान माणसाच्या मनात जड भरतं. इथे तर नुकसान डोळ्यांसमोर आहे आणि फायदा कुणाला दिसतच नाही. नर्स आळशी नाही, बेफिकीरही नाही. आपण तिच्यासमोर जे कागद ठेवलेत, त्यांना धरून ती अगदी शहाणपणाने वागते आहे.

आणि परत गेलेल्या आईचं काय होतं? एक दिवसाची मजुरी बुडाली, बाळ कडेवर घेऊन तीन किलोमीटर चालणं झालं, हाती काही नाही. पुढच्या वेळी ती का येईल? तुमच्या घरभेटींत असं बऱ्याच जणींनी सांगितलं, तर सीएसआरचा एक रुपयाही न घालता मोठं काम होईल. तुमच्या सहीचं पत्र काढा की एका बाळासाठीही व्हायल फोडायची आणि या लसीच्या वाया गेलेल्या डोसांबद्दल बैठकीत कुणाला जाब विचारला जाणार नाही. नोंदवहीत एक रकाना वाढवा: 'लस न देता परत पाठवलेली बाळं'. बैठकीत फक्त त्या रकान्याबद्दल विचारा. नज म्हटलं की सगळे आईकडे बघतात. माझा अनुभव असा की पहिली नजर सेवा देणाऱ्याच्या टेबलावर टाकावी.

सत्रच वेळेवर होत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात नर्सेसच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रं लावून पगार त्याला जोडला गेला होता. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. मग आरोग्य प्रशासनानेच कामाच्या दिवशी गैरहजर राहायला सूट देण्याचा मार्ग मोकळा केला, आणि सोळा महिन्यांनंतर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काही फरक उरला नाही. तुम्ही स्वतः खमकेपणाने पाठीशी उभे राहणार नसाल, तर कुठलीही हुशार योजना टिकत नाही.

आता डाळीकडे येते. तुम्हाला भेटीचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांच्या मनात बहुतेक उदयपूरचाच दुसरा प्रयोग असेल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत तो केला आणि २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर घेतलं. काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक डोसामागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की ताटांचा संच दिला. बाकीच्या गावांत जे चालू होतं ते तसंच. पूर्ण लसीकरण झालेली बाळं नेहमीच्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८ टक्के, आणि डाळ-ताटांच्या गावांत ३९ टक्के निघाली.

या आकड्यांत मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे: निदान एक तरी डोस घेतलेल्या बाळांचं प्रमाण शिबिराच्या आणि डाळीच्या गावांत जवळपास सारखंच होतं. फरक पडला तो शेवटपर्यंत टिकण्यात. म्हणजे डाळीने कुणाचं मत बदललं नाही. लस वाईट आहे असं ज्याला मनापासून वाटतं, तो किलोभर डाळीसाठी बाळाला सुई टोचून घेणार नाही. डाळीने फक्त 'पुढच्या महिन्यात बघू' हे 'आजच जाऊन येऊ' असं केलं. लसीचा त्रास आज होतो: मजुरी बुडते, बाळ रात्रभर रडतं. फायदा कधीतरी पुढे, आणि तोही न झालेल्या आजाराच्या रूपाने, जो दिसत नाही. डाळ आजच्या पारड्यात पडते.

खर्चाचंही उलटं निघालं. पूर्ण लसीकरण झालेल्या एका बाळामागे नुसत्या शिबिराचा खर्च २,२०२ रुपये, डाळ-ताट धरून १,१०२ रुपये. नर्सचा पगार आणि गाडीचं भाडं दोन्हीकडे लागतंच, बाळं जास्त आली की ते जास्त बाळांत वाटलं जातं.

पण हे वाचून डाळीची ऑर्डर देऊ नका. तिथे सुरुवात फार खालून झाली होती, तुमच्याकडे बहुतेक तशी नाही. हिशेब करून बघा. समजा तुमच्या शंभर बाळांपैकी सत्तर आजही वेळेवर येतात आणि भेटीमुळे दहा वाढतील. तुम्ही ऐंशी जणांना भेट द्याल, मिळतील दहा. उदयपूरमध्ये एकोणचाळीस जणांना देऊन नुसत्या शिबिरापेक्षा एकवीस जास्त मिळाले. योजना तीच, गणित पार वेगळं.

हरियाणात पुढे याच गटाने राज्य सरकारबरोबर खूप मोठा प्रयोग केला. आठवणीचे एसएमएस, मोबाईल रिचार्जच्या रूपात लहान-मोठी भेट, आणि गावात बातमी पसरवणारी माणसं, या सगळ्यांच्या ७५ जोडण्या तपासल्या. सगळ्यात जास्त वाढ हवी असेल तर तिन्ही एकत्र, आणि भेट प्रत्येक डोसाला वाढत जाणारी: त्याने लसीकरण ४४ टक्क्यांनी वाढलं. पण एका रुपयात जास्तीत जास्त लसीकरण हवं असेल तर भेट वगळून फक्त बातमी पसरवणारी माणसं आणि एसएमएस, हीच जोडणी पुढे निघाली. निधी थोडा असेल तर तुम्हाला हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बातमी पसरवणारी माणसं निवडायची पद्धत साधी आहे आणि मला ती फार आवडते. हरियाणातल्या ५२१ गावांच्या प्रयोगात काही गावांत गावकऱ्यांनाच विचारलं, की एखादी बातमी सगळ्यांपर्यंत पोचवायला इथे चांगलं कोण? ज्यांची नावं आली त्यांना शिबिराची माहिती दिली. कुणालाही चिठ्ठी टाकून निवडलेल्या गावांपेक्षा तिथे दरमहा २२ टक्के जास्त बाळांना लस मिळाली. ही माणसं सरपंच किंवा पोलीस पाटीलच असतात असं नाही. नुसत्या मानाच्या माणसांपेक्षाही ती उपयोगी ठरली. तुमच्या पाड्यांवर हे विचारलंत तर किराणा दुकानवाली, सुईणबाई किंवा जीपवाला अशी नावं येतील असा माझा अंदाज आहे. त्यांना पैसे द्यायचीही गरज नाही, दर महिन्याला एक फोन पुरतो.

एसएमएसबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेतल्या सरकारी नज विभागांनी केलेले १२६ प्रयोग स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये एकत्र मांडले. शोधनिबंधांत छापून आलेल्या नजचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू (म्हणजे शंभरांत ८.७ जण जास्त) दिसतो, प्रत्यक्ष सरकारी कामात १.४. मुख्य कारण हे की ज्यांचा परिणाम मोठा निघतो तेच प्रयोग छापून येतात. १.४ म्हणजे टाकाऊ नव्हे. मेसेजला खर्च नगण्य, म्हणून तेवढाही परवडतो. पण मेसेजमुळे तालुक्याचं चित्र पालटेल असं वरिष्ठांना सांगून बसू नका.

आणि मेसेज पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. नोंदवलेला नंबर कुणाचा आहे? बहुतेक वेळा बाळाच्या वडिलांचा. ते भट्टीवर किंवा फडात असतील तर मेसेज तिथे वाजतो आणि आई घरी. दुसरं म्हणजे भाषा. घरात पावरी, कोरकू किंवा वारली बोलत असतील तर छापील मराठी मेसेजपेक्षा त्याच भाषेतला, तिथल्याच आशाताईच्या आवाजातला फोन पाठवा. लसीचे फायदे त्यात सांगू नका, ते आईला माहीत आहेत. सांगा: उद्या, अंगणवाडीत, दहा ते दोन, ताई नक्की येणार आहेत. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच फोन करा.

भेट द्यायची ठरवलीत तर एक धोका आधीच सांगते. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची, दंडाने त्या उशिराची किंमत ठरवून टाकली. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा हा २००० सालचा अभ्यास आहे. भेटीमुळे लसीचं असं होईलच असं नाही, उदयपूरमध्ये तसं दिसलं नाही. पण निधी एक वर्षाचा असेल तर दुसऱ्या वर्षी डाळ बंद झाल्यावर आई काय समजेल, याचा विचार आज करा. मला विचाराल तर सगळ्या डोसांना भेट देऊ नका. गळती गोवर-रुबेलाला आहे, तर तिथेच, एकदाच, कार्ड पूर्ण झाल्याचा मान म्हणून द्या. सिएरा लिओनमध्ये बाळांना रंगीत कडं दिलं गेलं होतं, कुठले डोस झालेत ते रंगावरून सगळ्यांना दिसायचं. ज्या डोसाला लोक मान देतात, तिथे रंग बदलला तेव्हा त्याचा उपयोग झाला. चार लोकांत दिसणारी गोष्ट किमतीने लहान असली तरी चालते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: कळणार कसं? 'आधी इतके, नंतर इतके' ही तुलना कृपा करून करू नका. तुमच्या तालुक्यात ती हमखास फसवेल. स्थलांतरित कुटुंबं उन्हाळ्यात परत येतात. तुम्ही मे महिन्यात योजना सुरू केलीत तर जून-जुलैचे आकडे आपोआप वाढतील आणि श्रेय योजनेला जाईल. दिवाळीनंतर सुरू केलीत तर चांगली योजनाही नापास दिसेल. हाच घोळ सगळ्यात वाईट उपकेंद्रं निवडून तिथेच काम सुरू केलं की होतो. एखादा वाईट महिना पुढे थोडा सुधारतोच, तुम्ही काही केलं नाही तरी.

यावर उपाय आहे लॉटरी. तसंही निधी एकदम सगळीकडे पुरणार नाही, कुणाला आधी आणि कुणाला नंतर हे ठरवावंच लागणार आहे. ते मासिक बैठकीत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून ठरवा. अर्धी उपकेंद्रं आत्ता, अर्धी सहा महिन्यांनी. नेहमीची लस, नेहमीची सत्रं कुणाचीच थांबवायची नाहीत. लॉटरी फक्त जादाच्या गोष्टीची. सगळ्यांना शेवटी मिळणार आहे हे कळलं की तक्रार कमी होते, आणि 'साहेबांनी आपल्या माणसाला दिलं' हा आरोपही राहत नाही. निष्कर्ष बाहेर छापायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना तर कुठल्याही परिस्थितीत सांगा.

भेटीची लॉटरी उपकेंद्रवारच हवी. एकाच पाड्यावर एका बाळाला मिळालं आणि शेजारच्याला नाही, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात भांडण येईल. शिवाय बातमी पसरली की शेजारच्या गावचेही येतात, उदयपूरलाही आले. मेसेजची लॉटरी मात्र बाळवार करता येते, आणि ती जास्त उपयोगी. एका तालुक्यातल्या वीस-तीस उपकेंद्रांच्या तुलनेत दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसतच नाही, योगायोगात बुडून जातो. शेकडो बाळांच्या यादीत मध्यम आकाराचा फरक दिसण्याची शक्यता तरी असते. मेसेजचा परिणाम अगदी लहान असेल तर एका तालुक्याला तोही पकडता येणार नाही. तिथे मोठ्या प्रयोगांवर विश्वास ठेवा आणि तुमची ताकद व्हायल आणि भेट तपासायला वापरा.

मोजायचं कशावरून, हेही आत्ताच ठरवा. नर्सच्या नोंदवहीवरून नको. भेट नोंदवहीवर अवलंबून असली की सगळ्यात आधी नोंदवही सुधारते. बाहेरच्या दोन माणसांनी चिठ्ठ्यांनी निवडलेल्या घरी जाऊन कार्डावरची तारीख बघावी. विचारायचा आकडा एकच: त्या काळात वर्षाची झालेली जी बाळं आहेत, त्यांतल्या किती जणांना पहिला वाढदिवस होण्याआधी गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळाला?

चिठ्ठ्या काढण्याआधी एका कागदावर लिहून सही करा: फरक किती निघाला तर योजना सगळीकडे नेणार, किती निघाला तर बंद करणार. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येक आकड्यातून यश काढता येतं, आणि निधी देणाऱ्यालाही तेच हवं असतं.

माझा क्रम असा राहील: या महिन्यात घरभेटी, त्याबरोबर व्हायलचं पत्र आणि नवा रकाना, पुढच्या महिन्यात बातमी पसरवणारी माणसं आणि आशाताईच्या आवाजातले फोन. भेटीचा निर्णय परतलेल्या बाळांचा रकाना दोन-तीन महिने भरल्यावर. घरभेटींत पाचांपैकी चौघी जर 'तापाची भीती' म्हणाल्या तर मात्र हा क्रम मोडा. तिथे पेंटाच्या दिवशीच पॅरासिटामॉल हातात देणं आणि दुसऱ्या दिवशी आशाताईने घरी डोकावणं हे आधी येईल. घरभेटींतून काय निघतं ते नावं न घालता इथे टाका, मेसेजचा मजकूर आपण त्यावरून ठरवू.